टाकाऊ बियांचं मुठेल

दिवाळी उलटली की सिंधुदुर्गातल्या आठवडी बाजारात एखाद्या बाईच्या टोपलीत, आमसुलं आणि सुक्या मिरच्यांच्या शेजारी, मळकट पांढऱ्या रंगाचे लांबट गोळे दिसतात. हातात घेतले तर कडक, किंचित तेलकट. बहुतेक गोळ्यांवर बोटांचे ठसे असतात, कारण ते कुठल्या साच्यातून निघालेले नसतात, मुठीत दाबून वळलेले असतात. हे मुठेल. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं, कुणी नुसतं कोकमाचं तेल. तेल म्हणतात खरं, पण ते ओतता येत नाही. ते सुरीने खरवडायचं, पळीत घालून निखाऱ्यावर किंवा दिव्यावर धरायचं, आणि पातळ झालं की सोसेल इतकं कोमट असताना टाचेच्या भेगांत थेंब थेंब सोडायचं.

थंडीच्या दिवसांत अंगाला आणि केसांना काय लावायचं याची कोकणातली यादी लांब आहे. केसांना खोबरेल, त्यात माका किंवा जास्वंद उकळून घातलेली. अंगाला तिळाचं तेल, दिवाळीत उटणं. या सगळ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मुठेलावर फार थोडं लिहिलं गेलं, आणि जे लिहिलं गेलं तेही बहुधा परक्यांनी. मला हे मोठं नवल वाटतं. घराघरात असलेली, पिढ्यान्‌पिढ्या गुण देणारी ही वस्तू इतिहासात शोधायला गेलं तर तिच्या झाडाचा पत्ता मिळतो, फळाचा मिळतो, चरबीचा वितळणबिंदूसुद्धा मिळतो. ती करणाऱ्या बाईचा मात्र पत्ता लागत नाही.

आधी भेगांकडे पाहू. शरीरभर त्वचेला स्वतःचं तेल मिळतं, केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून. तळहात आणि तळपाय यांना या ग्रंथीच नाहीत. त्यात टाचेची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत जाड. ती लवचीक राहते ती फक्त तिच्यात मुरलेल्या पाण्यामुळे. मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी होते, ते पाणी उडून जातं, वरचा थर ताठर होतो आणि अंगाचा भार पडला की उभा चिरतो. समुद्राकाठी दमट हवा असते म्हणून तिथे पाय फुटत नसतील असं घाटावरच्या माणसाला वाटतं. पण हिवाळ्यात कोकणातही पहाटे वारा जमिनीकडून येतो, कोरडा आणि गार. शिवाय ज्या पायांनी चार महिने चिखलात भात लावलं, बेणलं आणि कापलं, त्यांची कातडी त्या आधीच भिजून-सुकून पोखरलेली असते. पूर्वी बहुतेक पाय अनवाणीच. भेगा खोल गेल्या, रक्त येऊ लागलं, की माणूस चवड्यांवर चालू लागतो. जळवातांनी बेजार झालेली माणसं अशी चालताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा नुसता सौंदर्याचा विषय नाही हे सांगावं लागत नाही.

हे दुखणं जुनं आहे आणि शास्त्रालाही ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘पाददारी’ येते: फार चालणाऱ्या माणसाच्या कोरड्या पायांत वायूमुळे पडणाऱ्या भेगा. उपचारात स्नेहन, शेक आणि मग मेण, तूप, प्राण्यांची चरबी यांचा लेप. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगाचा उपदेश आहे, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष जपायला सांगितलं आहे, आणि हेमंत ऋतूच्या चर्येत तर अंगाला तेल हवंच. तर्क पक्का आहे. भेगेत पातळ तेल टिकत नाही, घट्ट राहणारं काहीतरी हवं. पण मेण विकत आणायचं, तूप पायाला चोळायचं, हे किती घरांना परवडत होतं? ज्या घरात तूप सणाला दिसतं तिथे ते टाचेला लावत नाहीत. प्राण्याची चरबी अनेक घरांत उंबऱ्याच्या आत येत नव्हती. म्हणजे ज्यांचे पाय सर्वांत जास्त फुटत, त्यांच्या आवाक्यात शास्त्रातलं औषध नव्हतं. त्यांना घट्ट चरबी हवी होती, फुकटची हवी होती, आणि झाडावरची असेल तर सर्वांनाच चालणारी. ती त्यांना कोकमाच्या बीत सापडली. कुणाला आणि कधी सापडली याची नोंद कुठल्याही पोथीत नाही.

कोकमाचं झाड लिखित इतिहासात ठळकपणे येतं ते गोव्यात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 साली गोव्यात आला आणि हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यातच छापून निघाला. त्यात ‘ब्रिंडाओ’ या नावाने आपलं भिरंड, म्हणजे कोकम, आहे: आतून रक्तासारखं लाल, अतिशय आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचं, आणि साल वाळवून ठेवली तर व्हिनेगर करायला चालणारं. ओर्ताचं लक्ष रंगाकडे आणि आंबटपणाकडे होतं. त्याच्या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने हाक मारली की ती हवी ती वनस्पती, हवं ते फळ आणून पुढे ठेवते, आणि दोन विद्वान पुरुष त्यावर बोलत राहतात. अंतोनिया स्वतः त्या फळाचं काय करत होती, बी फेकत होती की सुकवत होती, हे तिला कुणी विचारलं नाही. तो ग्रंथ वाचताना मला नेहमी तिलाच प्रश्न विचारावेसे वाटतात.

पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडाला नाव दिलं. लॉरां गार्सिन या निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ लिनियसने ‘गार्सिनिया’ ही प्रजाती केली. फ्रेंच शास्त्रज्ञ थुआर याने आपल्या कोकमाला आधी ‘ब्रिंडोनिया इंडिका’ म्हटलं, म्हणजे गोव्याचा शब्द काही काळ लॅटिनमध्ये जाऊन बसला. 1824 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ श्वाझी याने ते गार्सिनियात आणलं. गार्सिया आणि गार्सिन या नावांच्या सारखेपणामुळे हे नाव ओर्तावरून पडलं असा समज पुष्कळांचा असतो, तो बरोबर नाही.

बीच्या चरबीकडे साहेबाचं लक्ष गेलं ते एकोणिसाव्या शतकात. सरकारी दवाखान्यांना मलमं लागत, मलमांना घट्ट आधारद्रव्य लागे, आणि युरोपातून येणारी डुकराची चरबी मुंबईच्या उकाड्यात खवट होई, शिवाय रुग्णांना ती चालत नसे. 1868 मध्ये हिंदुस्थानसाठी स्वतंत्र औषधकोश निघाला. 1874 मध्ये लंडनला फ्ल्युकिगर आणि हॅनबरी या दोघांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कोकमाच्या तेलावर स्वतंत्र टिपण आहे. बाजारात ते अंड्याच्या आकाराच्या, मळकट पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात मिळतं, हाताला तेलकट लागतं, तोंडात धरलं तर विरघळतं, अशी वर्णनं त्या काळच्या लिखाणात सापडतात. मुंबईत सरकारी औषधभांडाराचं काम पाहणारा विल्यम डायमॉक याने वॉर्डन आणि हूपर यांच्यासह 1890 ते 1893 या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ प्रसिद्ध केला. पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकव्यवहारातली औषधं इतक्या आस्थेने टिपणारा दुसरा ग्रंथ त्या काळात क्वचितच सापडेल. डायमॉकबद्दल मला आदर आहे. त्याने बाजारात जाऊन विचारलं, लिहून ठेवलं.

तरीही या सगळ्या वर्णनांत गोळा हा बाजारात सुरू होतो. तो तिथवर कसा आला, हे दोन वाक्यांत उरकतं. म्हणून ते इथे सावकाश सांगते.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. पाऊस तोंडावर असतो, त्यामुळे काम घाईचं. फळ फोडून साल एका बाजूला, गर आणि बिया दुसऱ्या बाजूला. गर-बियांत मीठ घालून जो रस सुटतो ते आगळ. सालं त्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. अशी पुटं चढली की आमसूल तयार. घराला पैसा मिळतो तो आमसुलाचा आणि आगळाचा. बी ही त्या सगळ्या व्यवहारातली शेवटची उरलेली गोष्ट. एका फळात पाच ते आठ बिया, गराच्या चिकट धाग्यांत गुंतलेल्या. त्या चोळून धुवायच्या, राख लावून किंवा नुसत्याच अंगणात पसरायच्या, खडखडीत वाळवायच्या. पहिल्या पावसाआधी वाळल्या नाहीत तर बुरशी येते आणि सगळं वाया जातं. वाळलेल्या बिया डब्यात किंवा पोत्यात भरून ठेवल्या की घाई संपते. पुढचं काम लावणी उरकल्यावर, सवड मिळेल तेव्हाचं.

बीचं वरचं कवच ठिसूळ असतं. वायनात घालून मुसळाने हलके कांडायचं, सुपात पाखडायचं, कवच उडवून मगज ठेवायचा. मग तो मगज बारीक कुटायचा किंवा पाट्यावर वाटायचा. हे सगळ्यांत कष्टाचं काम, कारण चरबी सुटू लागली की लगदा वरवंट्याला धरून बसतो. लगदा मोठ्या टोपात पाण्यात घालून चुलीवर ठेवायचा आणि मंद जाळावर उकळत ठेवायचा. हळूहळू तवंग वर येतो. तो डावाने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायचा. काही घरांत उकळण्याऐवजी लगदा पाण्यात घालून रात्रभर ठेवतात आणि पहाटे, गारवा असताना, ताकासारखा घुसळतात. मग चरबी लोण्यासारखी वर जमते. ती पुन्हा तापवून, गाळून, निवत आली की हातात घ्यायची. पूर्ण गार होण्याआधी वळावी लागते, नाहीतर ती फुटते. गरम असताना घेतली तर हात भाजतो. मधली ती नेमकी वेळ डोळ्यांनी कळत नाही, हाताला कळते.

बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा चरबी त्यांच्यात असते, पण हातकामात तेवढी सगळी सुटत नाही. टोपलीभर बियांतून निघतात ते मोजके गोळे. त्यातले काही घरात राहतात, काही माहेरवाशिणीच्या हातात पडतात, उरले तर बाजारात. मुठेल हा कधी कुणाचा धंदा झाला नाही. तेल्याच्या घाण्यावर ते फारसं गेलं नाही. धंदा झाला असता तर जात-पेठ-हिशेब यांच्या कागदांत ते सापडलं असतं. घरकामात जिरलेल्या कष्टाला दफ्तर नसतं, आणि मुठेलाचा इतिहास अपुरा राहण्याचं मला दिसणारं सर्वांत मोठं कारण हेच.

नारळाच्या तेलाशी तुलना केली की त्याचा गुण कळतो. खोबरेल साधारण 24-25 अंशांना वितळतं. कोकणात थंडीच्या पहाटे बाटलीत गोठतं, बायका ती उन्हात ठेवतात, आणि अंगावर घेताच ते पातळ होऊन पसरतं. केसांना, हातापायांना ते उत्तम. मुठेल वितळायला सुमारे 38 ते 42 अंश लागतात, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या आसपास. चोळलं तर मऊ पडतं, पण भेगेत ओतलं की थिजून तिथेच बसतं, पाणी उडू देत नाही, चालताना गळून जात नाही. मात्र रीत पाळावी लागते. आधी पाय कोमट पाण्यात भिजवायचे, वजरीने मेलेली कातडी घासायची, पुसून लगेच मुठेल सोडायचं आणि रात्रभर चिंधी गुंडाळायची किंवा मोजे घालायचे. कोरड्या टाचेवर नुसतं फासलं तर आत पाणीच नसतं, मग ते राखायचं कसलं? ओठांना आणि उललेल्या गालांना ते नखभर पुरतं. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांच्या भेगा पिकल्या आहेत त्यांनी मात्र घरच्या उपायांवर विसंबू नये, गरम थेंब तर मुळीच सोडू नयेत. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चटका कळत नाही. त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या त्याच उत्तरार्धात जगात दुसरीकडे काय चाललं होतं ते पाहिलं की मुठेलाची गोष्ट अधिक बोचते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपांच्या दांड्यांना एक चिकट काळपट मेण जमायचं. कामगारांना त्याचा वैताग होता, पण भाजल्या-कापल्यावर ते तेच लावत. रॉबर्ट चेसब्रो या तरुण रसायनतज्ज्ञाने ते मेण नेलं, शुद्ध केलं, 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि व्हॅसलीन हे नाव जगभर पोचवलं. जर्मनीत लोकर धुताना निघणारी मेंढीची चरबी सांडपाण्यात जायची. 1880 च्या दशकात तिचं लॅनोलिन झालं आणि तेही पेटंटसकट. म्हणजे कातडीवर गुण देणाऱ्या या तिन्ही वस्तू उरलेल्या, फेकायच्या मालातून आल्या आहेत. दोघींना प्रयोगशाळा, मालक, नाव आणि बरणी मिळाली. तिसरीचा शोध कुणा एकीचा नव्हता, तिला पेटंट कोण घेणार होतं?

मुंबईत बरण्या आल्या. ई. एस. पाटणवाला यांनी 1919 मध्ये मुंबईत ‘अफगाण स्नो’ हे क्रीम काढलं आणि शहरातल्या कपाटांत पांढरं, चकाकणारं स्नो दिसू लागलं. 1929 मध्ये कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी ‘बोरोलीन’ सुरू केलं. ते स्वदेशीच्या भावनेतून आलं आणि त्याची हिरवी नळी पुढे महाराष्ट्रातल्या घरांतही रुळली. त्यात लॅनोलिन आहे, बोरिक आम्ल आहे, जस्ताची भस्मासारखी भुकटी आहे, आणि ओठांना, कापल्याला ते खरंच उपयोगी पडतं. या नव्या वस्तूंचा मला राग नाही. त्या स्वच्छ होत्या, वासाच्या होत्या, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी घरातल्या बाईला मुसळ उचलावं लागत नव्हतं. गिरणगावातल्या खोलीत राहणाऱ्या कोकणी बाईने गणपतीहून परतताना मुठेलाचे दोन गोळे ट्रंकेत टाकले, तरी ते पुढच्या थंडीपर्यंत पुरवायचे असत. नळी कोपऱ्यावरच्या दुकानात रोज मिळे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या ‘स्नो’चा मुख्य घटक स्टिअरिक आम्ल. ते थोड्या अल्कलीने अर्धवट साबणरूप करून पाण्यात घोटलं की हिमासारखं पांढरं चकाकतं क्रीम बनतं. आणि मुठेलाच्या चरबीत निम्म्याहून अधिक भाग याच आम्लाचा. रातांब्याच्या बीत जे आयतं होतं, तेच वेगळ्या वाटेने बरणीत बंद होऊन कोकणात परत आलं.

चरबीचा हाच गुण पुढे अनपेक्षित ठिकाणी कामाला आला. कोकमाच्या चरबीची घडण कोको बटरच्या घडणीशी जुळते, पण ती त्याहून थोडी कडक असते, म्हणून उष्ण हवेत चॉकलेट ढासळू नये यासाठी ती चालते. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटचा जो नियम केला, त्यात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पतिचरबी पाच टक्क्यांपर्यंत घालायला मुभा आहे, त्यांत ‘कोकम गुर्गी’ हे नाव आहे. साल वृक्ष आणि आंबा यांच्या बिया त्याच यादीत. टाचेच्या भेगेतलं द्रव्य असं ब्रुसेल्सच्या कायद्यात गेलं. भारतात त्याआधीच ते साबण, मलमं आणि क्वचित तुपातली भेसळ अशा वाटांनी कारखान्यांत शिरलेलं होतं.

आज ते पुन्हा अंगाला लावायच्या वस्तूंत दिसतं, चकचकीत डब्यांवर ‘कोकम बटर’ या नावाने. हे बहुतेक कारखान्यातलं असतं. विद्रावकाने बियांतली जवळजवळ सगळी चरबी काढून घेतात, मग रंग आणि वास काढून टाकतात. गुण जात नाही. शुद्धीकरणाने ते टिकाऊही होतं. हाताने केलेलं मुठेल पाणी नीट उडालं नसेल तर खवट होतं, म्हणून घेताना वास घेऊन पाहावा. ताज्या गोळ्याला सौम्य, थोडा तुपट वास येतो, आंबूस वास आला तर परत ठेवावा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती दिल्या आहेत. फळाचं भलं होत आहे, आणि ते व्हायलाच हवं.

बियांचं काय होतं? आमसुलाच्या हंगामात व्यापारी दारात येतो आणि सुकवलेल्या बिया किलोवर घेऊन जातो. रोख पैसे मिळतात, शाळा सुरू होण्याच्या दिवसांत ते उपयोगी पडतात, कांडण-वाटण वाचतं. कुठलीही शहाणी बाई हेच करील. ज्या बियांतून घरात वर्षाचं मुठेल निघत होतं, त्या पोत्यात भरून ट्रकने जातात. थंडीत टाचा फुटल्या की तीच बाई दुकानातून क्रीमची नळी आणते. तिच्या मुलीला वायन आणि पाटा दोन्ही ठाऊक असतात, वळायची ती नेमकी वेळ ठाऊक नसते, कारण ती कधी तिच्या हातातून गेलेली नसते.

काही बचत गटांनी हे काम पुन्हा हाती घेतलं आहे. दळायला चक्की, उकळायला गॅस, गाळायला कापड, आणि गोळ्याऐवजी छोटी डबी. कष्ट कमी झाले तरच हे टिकेल, असं माझं मत आहे. मुसळाचं कौतुक मुसळ न उचलणाऱ्यांनी करू नये. पण डबीवर एक ओळ असावी असंही मला वाटतं: गावाचं नाव, आणि ज्या बायकांनी ते काढलं त्यांची नावं. चारशे-पाचशे वर्षांच्या कागदांत जी जागा रिकामी आहे, ती भरायला डबीच्या झाकणाएवढी जागाही पुरेशी आहे.